कागदाच्या बैलाचा खांदा

आषाढात बेंदूर जवळ आला की सांगलीच्या बाजारात मातीच्या बैलजोड्या मांडलेल्या दिसतात. गेल्या बेंदराला मी कागदाचा बैल केला, पडद्यावर चालणारा. अर्थातच खिल्लार. आटपाडी, जत, माणच्या कोरड्या पट्ट्यातलं हे जनावर अंगानं शेलाटं, रंगानं पांढरं, शिंगं लांब आणि मागं झुकलेली. खरसुंडीच्या यात्रेत बसून मी त्याची पानंच्या पानं स्केचं केली होती. त्यातलं एक कार्डशीटवर टाकानं, काळ्या शाईत उतरवलं, कात्रीनं त्याचे अठरा तुकडे केले, ते स्कॅन करून कॉम्प्युटरवर पुन्हा जोडले आणि पुढचा पाय उचलला. खांद्यापाशी पाचरीसारखी फट पडली. मागचा देखावा तिच्यातून दिसायला लागला.

कट-आउट ॲनिमेशनची निम्मी अडचण अशा सांध्यांवर असते आणि उरलेली निम्मी तुकड्यांच्या कडांवर.

ही पद्धत मुळात हाताचे कष्ट वाचवायला निघाली. सिनेमात एका सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे फ्रेम, लागतात. एक चित्र दोन चौकटी धरून ठेवलं तरी सेकंदाला 12 आणि मिनिटाला 720 चित्रं काढावी लागतात. कट-आउटमध्ये बैल एकदाच काढायचा, कापायचा आणि तुकडे थोडे थोडे सरकवत एकेक चौकट टिपायची. पूर्वी हे काम टेबलावर कॅमेरा टांगून करत, आता तुकडे पडद्यावर सरकतात. चित्र मात्र अजूनही हातानंच काढावं लागतं, आणि मला यातलं सगळ्यात जास्त प्रिय तेच आहे. शाईची थरथर, कागदाचे रवे, कात्रीचा किंचित चुकलेला वळसा हे सगळं स्कॅनमध्ये उतरतं आणि पडद्यावर टिकतं.

तर खांदा. मी पाय सरळ रेषेत कापला होता, चूक तिथंच झाली. कंपासनं पुठ्ठ्याची चकती कापा, केंद्रात टाचणी टोचा आणि फिरवा. चकतीची कड जागची हलत नाही, कारण वर्तुळ कितीही अंशांतून फिरवलं तरी स्वतःवरच बसतं. म्हणून पायाचं वरचं टोक अर्धगोल कापायचं, धडाच्या बाजूला त्याच त्रिज्येचा गोल ठेवायचा, दोन्ही केंद्रं एकावर एक आणायची आणि फिरण्याचा बिंदू नेमका त्या केंद्रात बसवायचा. मग पाय कुठल्याही कोनात गेला तरी फट पडत नाही. या बिंदूला सॉफ्टवेअरमध्ये पिव्हट किंवा अँकर पॉइंट म्हणतात. त्यात ढिलाई चालत नाही. 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, स्कॅन केलं तर कागदावरच्या एका मिलिमीटरचे साधारण 12 पिक्सेल होतात. पिव्हट एक मिलिमीटर चुकला आणि पाय 60 अंशांतून फिरवला, तर सांध्याचा गोल बरोबर एक मिलिमीटर, म्हणजे तेच 12 पिक्सेल, बाजूला जातो. डोळ्याला ते लगेच खुपतं.

गोल जमला तरी एक गोष्ट राहते. अर्धगोलाभोवती शाईची रेघ काढली असेल तर ती खांद्यावर आडवी कमान होऊन दिसते. म्हणून धडावर येणारा तेवढा भाग बिनरेघेचा ठेवावा लागतो, नुसता कातडीचा रंग. बेंदराच्या बैलाला झूल असते, तिच्याखाली हे सगळं सहज झाकता आलं असतं. पण बिनझुलीचा बैल नीट चालला तरच काम खरं, असं मला वाटलं.

सांध्यांचा विचार करताना मला विष्णुदास भावे आठवत राहिले. 1843 मध्ये याच सांगलीत मराठी नाटकाची सुरुवात करणाऱ्या भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. लाकडाची बाहुली करणाऱ्यालाही पहिला प्रश्न हाच पडत असणार की हात कुठून वळवायचा.

लाकडात जे काम दोरा आणि खिट्टी करते, ते कॉम्प्युटरमध्ये नातं करतं. खूर गुडघ्याखालच्या तुकड्याला जोडलेला, तो तुकडा मांडीला आणि मांडी धडाला. वरचा तुकडा फिरला की खालचे सगळे त्याच्यासोबत फिरतात. खालचा फिरला तर वरच्याला पत्ता लागत नाही. प्रत्येक तुकडा आपली जागा आणि कोन फक्त वरच्या तुकड्याच्या हिशोबानं लक्षात ठेवतो, आणि एकेक पायरीचा हिशोब एकमेकांत मिसळत शेवटी खूर पडद्यावर नेमका कुठं पडणार ते ठरतं. याच्या उलटही करता येतं. खूर इथं टेकलाय, आता गुडघा किती वाकवायचा ते तू काढ, असं सॉफ्टवेअरला सांगायचं. चालणाऱ्या जनावराला ही उलटी रीत फार उपयोगी पडते. टेकलेला खूर जमिनीवरून घसरला तर बैल बर्फावर चालल्यासारखा दिसतो.

कागदाचे अठरा तुकडे आपल्याला बैल म्हणून पटतात तरी कसे? याचं एक सुंदर उत्तर स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी 1973 मध्ये दिलं. त्यांनी माणसाच्या सांध्यांवर प्रकाशाचे मोजके ठिपके लावले आणि अंधारात त्याचं चित्रण केलं. माणूस स्थिर उभा असताना बघणाऱ्याला नुसते विखुरलेले ठिपके दिसत. तो चालू लागला की क्षणार्धात माणूस दिसे. अंग, कपडे, चेहरा यातलं काहीही दिसत नसताना मेंदू फक्त सांध्यांच्या हालचालीवरून सजीव ओळखतो. त्यामुळं कट-आउटमध्ये चेहरा बेताचा असला तरी निभावतं. सांधे चुकीच्या तालात हलले तर मात्र कितीही देखणं चित्र मेल्यासारखं दिसतं.

आणि ताल चुकवायला चार पाय पुरेसे असतात. बैल संथ चालताना आधी डावा मागचा पाय टाकतो, मग डावा पुढचा, मग उजवा मागचा, मग उजवा पुढचा. घोडा, कुत्रा, मांजर यांची संथ चालही याच क्रमाची. छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी 1878 पासून धावत्या आणि चालत्या जनावरांच्या फोटोंच्या मालिका काढल्या, तोपर्यंत बहुतेकांच्या डोळ्याला हा क्रम नीट पकडता येत नव्हता. 2012 मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी जुनी-नवी चित्रं आणि शिल्पं तपासली. मायब्रिजच्या आधीच्या काळातल्या 83.5 टक्के कलाकृतींत जनावराचे पाय चुकीचे निघाले, नंतरच्या काळात 57.9 टक्के. गुहेत राहणाऱ्या आदिमानवाच्या चित्रांत मात्र चुका 46.2 टक्केच होत्या. रोज शिकारीवर नजर ठेवणारा माणूस जनावर कसं बघत असेल, हे या आकड्यात दिसतं. माझा पहिला बैलही मागचा आणि पुढचा पाय तिरक्या जोडीनं टाकत होता. ती दुडक्या चालीची पद्धत झाली, संथ चालीची नव्हे.

आता कडेकडं येतो, कारण माझे सगळ्यात जास्त दिवस तिथं गेले.

माझा देखावा संध्याकाळचा होता. कृष्णाकाठ, लांबवर आयर्विन पूल, वर पावसाळी काळपट आभाळ. बैल त्यावर ठेवला आणि त्याच्याभोवती फिकट, पांढुरकी किनार उमटली. कात्रीनं कापून चिकटवलंय हे ती ओरडून सांगत होती. दिवसाच्या उजळ आभाळावर हाच बैल व्यवस्थित दिसत होता.

कारण एका पिक्सेलमध्ये बघू. शाईची रेघ जिथं संपते तिथला पिक्सेल अर्धा शाईवर आणि अर्धा पांढऱ्या कागदावर पडतो. काळा म्हणजे 0 आणि पांढरा म्हणजे 255 धरला, तर स्कॅनर त्या पिक्सेलला मधलाच, साधारण 128 हा करडा रंग देतो. त्यात कागदाचा पांढरा अर्धा मिसळलेला असतो. माझ्या आभाळाची किंमत 40 होती. खरा बैल तिथं असता तर त्या पिक्सेलमध्ये अर्धी शाई आणि अर्धं आभाळ असतं, म्हणजे 20. मी तो पिक्सेल अर्धपारदर्शक केला, पण त्याचा रंग करडाच राहू दिला. 128 चे निम्मे 64 आणि 40 चे निम्मे 20, बेरीज 84. जिथं 20 हवेत तिथं 84 आल्यावर किनार चमकणारच.

उपाय वजाबाकीचा आहे. पिक्सेलमधून आधी कागदाचा वाटा काढून टाकायचा: 128 मधून 255 चे निम्मे वजा केले की जवळजवळ शून्य उरतं, म्हणजे निखळ शाई. ती अर्धी, आभाळ अर्धं, उत्तर 20. गिंपमध्ये ‘कलर टू अल्फा’, फोटोशॉपमध्ये ‘रिमूव्ह व्हाइट मॅट’ आणि आफ्टर इफेक्ट्समध्ये ‘रिमूव्ह कलर मॅटिंग’ ही आज्ञा हीच वजाबाकी करते. खिल्लार पांढरा असल्यामुळं मला ती फक्त बाहेरच्या कडेवर चालवावी लागली, नाहीतर बैलाचं अंगच पारदर्शक झालं असतं.

पिक्सेल किती झाकलाय हे सांगणाऱ्या या अंकाला अल्फा म्हणतात. लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीला प्रत्येक पिक्सेलनं हा चौथा अंकही सांभाळावा, ही कल्पना 1970 च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी मांडली. 1984 मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी तिचं पूर्ण गणित लिहिलं. प्रत्येक रंग आधीच अल्फानं गुणून ठेवायचा, म्हणजे एका चित्रावर दुसरं ठेवणं ही साधी बेरीज होते: वरचं चित्र, अधिक खालच्या चित्राचा न झाकलेला वाटा. या चौघांना 1996 मध्ये त्यासाठी ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. आज फोनवर एखादं स्टिकर फोटोवर बसतं तेव्हाही हेच गणित चालतं. रंग आधी गुणलेला आहे की नाही याबाबत दोन सॉफ्टवेअरचा गैरसमज झाला, तर कडेला काळी किनार येते. पांढरी किनार आली तर स्कॅनकडं बघावं, काळी आली तर फाईल उघडताना निवडलेला अल्फाचा पर्याय तपासावा.

वरच्या हिशोबात मी एक सोय केली. पडद्यावरचे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात, निम्म्या प्रकाशाचा आकडा 128 नसून 188 च्या आसपास येतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ‘लिनिअर’ पद्धतीनं मिसळण्याचा पर्याय असेल तर तो चालू करावा. पुलावरचे दिवे त्यानं लगेच खऱ्यासारखे पसरतात.

देखाव्याला खोली देण्याचं काम त्यामानानं सोपं निघालं. मिरजेच्या गाडीत खिडकीशी बसलं की रुळालगतचा ऊस सर्रकन मागं जातो आणि लांबची टेकडी मात्र आपल्यासोबत येते. वस्तू जितकी लांब तितकं तिचं सरकणं कमी, आणि तेही बरोबर व्यस्त प्रमाणात. माझा ऊस एका मापावर, बैलाची वाट दोन मापांवर आणि पूल आठ मापांवर होता. कॅमेरा सरकवल्यावर ऊस 80 पिक्सेल सरकला तर वाट 40 आणि पूल 10. जर्मनीत लोटे रायनिगर यांनी 1926 मध्ये कात्रीनं कापलेल्या काळ्या आकृत्यांचा पूर्ण लांबीचा चित्रपट केला, तेव्हा त्यांनी काचांचे थर एकावर एक ठेवून हीच खोली मिळवली होती. मी त्यात एकच भर घातली. प्रत्येक तुकड्याखाली दोन-तीन पिक्सेलची मऊ सावली, त्यामुळं कागद कागदच दिसतो.

चित्रफीत तयार झाल्यावर गावभागातल्या एका काकांना दाखवली. त्यांनी उभी हयात बैल पाळले. त्यांनी ती तीनदा बघितली आणि म्हणाले, “पाय बरोबर टाकतोय. पर अंगात वजन न्हाई. पोळी बघ की त्येची, पायासंगंच हलतीया.”

मी गळ्याची पोळी मानेला थेट जोडली होती, त्यामुळं मान थांबली की ती त्याच क्षणी थांबे. लोंबणारी कातडी अशी थांबत नाही, मान वळल्यावर ती मागं राहते, मग ओढली जाते आणि मान थांबल्यावरही पुढं झुलते. मी तिची हालचाल तीन चौकटी उशिरा सुरू केली, शेपटीच्या गोंड्याची पाच. पाय टेकला की धड दोन पिक्सेल खाली येईल असंही केलं. दुसऱ्या दिवशी काकांनी पुन्हा बघितलं, काही बोलले नाहीत, फोन हातात धरून बैल पडद्याबाहेर जाईपर्यंत बघत राहिले आणि मग विचारलं, “नाव काय ठेवलंस?”