पूजा

पूजा : देवता समोर उपस्थित आहे असे मानून तिचा उपचारपूर्वक केलेला सत्कार. अर्चा, सपर्या, वरिवस्या हे संस्कृतातील जवळचे शब्द होत. ‘उपासना’ हा शब्द अधिक व्यापक असून त्यात जप, ध्यान, चिंतन यांचाही समावेश होतो. देवघरातील नित्यपूजेचा क्रम वाचकांच्या परिचयाचा असल्याने तो येथे तपशिलाने दिलेला नाही.

व्युत्पत्ती : पाणिनीय धातुपाठात ‘पूज्’ हा धातू दहाव्या गणात येतो, परंतु तो मुळात संस्कृत आहे की नाही, याविषयी अभ्यासकांत दीर्घकाळ मतभेद आहेत. ऋग्वेदात यज्, अर्च् ही क्रियापदे विपुल आढळतात, पूज्‌चा मागमूस मात्र ‘शाचिपूजन’ (८.१७.१२) या इंद्राच्या विशेषणात लागतो. शब्दाच्या या दुर्मिळतेमुळे गुंडर्ट आणि किट्टेल या द्राविड भाषांच्या कोशकारांनी त्याचे मूळ दक्षिणेत शोधले. यार्ल शार्पेंटिए या स्वीडिश प्राच्यविद्यापंडिताने १९२० च्या दशकात हे मत सविस्तर मांडले. तमिळ ‘पूचु’ म्हणजे माखणे, लेप देणे. तेव्हा पूजा म्हणजे मुळात मूर्तीला किंवा शिळेला रंगद्रव्य फासणे, असे त्याचे म्हणणे. शेंदूर माखलेल्या मारुतीचे किंवा ग्रामदेवतेचे रूप डोळ्यांसमोर आणले, तर ही कल्पना सहज टाकून देण्यासारखी वाटत नाही. कॉलिन्सने दुसरी फोड सुचवली : ‘पू’ (फूल) आणि ‘चेय्’ (करणे), म्हणजेच पुष्पकर्म. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांचा कल या मताकडे होता. यज्ञात पशू व हवी, पूजेत पाने-फुले, अशी दोन संस्कृतींची विभागणी त्यावर उभारली गेली.

पाउल थीम या जर्मन संस्कृततज्ज्ञाने १९३९ मध्ये याला विरोध केला. त्याने पूजेचा संबंध ‘पृच्’ (मिसळणे) या धातूशी आणि पर्यायाने मधुपर्काशी, म्हणजे सन्मान्य पाहुण्याला द्यावयाच्या दही-मधाच्या मिश्रणाशी जोडला. ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीने ही व्युत्पत्ती सर्वांना पटलेली नाही. तरीही शब्दाच्या जुन्या वापराचा पुरावा थीमच्या बाजूने अधिक झुकतो. गृह्यसूत्रांत व स्मृतींत ज्यांना ‘पूजावे’ ते बहुधा आचार्य, अतिथी, वडीलधारी माणसे. अशोकाच्या गिरनार येथील बाराव्या शिलालेखात (इ. स. पू. तिसरे शतक) राजा सर्व पाषंडांना, म्हणजे संप्रदायांना, ‘पूजयति’ असे म्हटले आहे, तेथे अर्थ सरळ सन्मान करणे असाच आहे. देवतेच्या संदर्भात हा शब्द राजस्थानातील घोसुंडी लेखात आढळतो. संकर्षण व वासुदेव यांच्यासाठी बांधलेल्या ‘पूजाशिलाप्राकारा’चा त्यात निर्देश असून तो लेख साधारणपणे इ. स. पू. पहिल्या शतकातला, क्वचित थोडा आधीचाही, मानला जातो.

आतिथ्य आणि उपचार : शब्दाचे मूळ कोणतेही ठरो, विधीचे मूळ बऱ्याच अंशी स्पष्ट आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात (१.२४) पाहुण्याला क्रमाने निवेदन करावयाच्या गोष्टी सांगितल्या आहेत : विष्टर (दर्भाचे आसन), पाद्य, अर्घ्य, आचमनीय, मधुपर्क. षोडशोपचारांतील आवाहनानंतरचे आसन, पाद्य, अर्घ्य, आचमनीय हे चार उपचार याच क्रमाने आलेले आहेत, हा योगायोग असणे कठीण. विवाहात वराला आजही मधुपर्क दिला जातो. त्या प्रसंगी वरात विष्णू पाहावा असे म्हणतात, तेव्हा हीच वाट उलट दिशेने चाललेली असते.

देवता अतिथीसारखी आहे काय, हा प्रश्न पूर्वमीमांसेत, म्हणजे वैदिक कर्मविधीचा विचार करणाऱ्या दर्शनात, प्रत्यक्ष चर्चिला गेला आहे, याकडे पूजेवरील लेखनात पुरेसे लक्ष जात नाही. या दर्शनाचा सूत्रकार जैमिनी याच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी (९.१.६) पूर्वपक्ष (खंडनासाठी आधी मांडलेले प्रतिपक्षाचे मत) म्हणतो, ‘देवता वा प्रयोजयेदतिथिवत्’ : भोजन पाहुण्यासाठी असते, तसे हवी देवतेसाठी, म्हणून कर्माची प्रेरक देवताच. मीमांसकांचा सिद्धान्त हे नाकारतो. भाष्यकार शबराच्या मते देवतेला देह नाही, ती खात नाही, प्रसन्न होत नाही आणि फळही देत नाही. फळ येते ते कर्मातून. अतिथीची गोष्ट निराळी, कारण तेथे त्याची प्रीती हाच हेतू असतो. शास्त्रात हरलेला हा पूर्वपक्ष व्यवहारात मात्र जिंकला. घरोघरच्या देवपूजेचा सारा अर्थ ‘अतिथिवत्’ या एका शब्दात सामावलेला आहे : जिची प्रीती हाच हेतू, अशी कोणीतरी समोर आहे. यज्ञात अर्पण केलेले अग्नी घेऊन जातो. पूजेत ते दृष्टीने स्वीकारले जाऊन प्रसाद म्हणून परत येते आणि यजमान-पाहुणे एका पंक्तीला बसतात.

पाणिनीच्या व्याकरणावर महाभाष्य लिहिणाऱ्या पतंजलीच्या काळी (सामान्यतः इ. स. पू. दुसरे शतक) मूर्ती चांगल्याच रूढ झाल्या असाव्यात. ‘जीविकार्थे चापण्ये’ (५.३.९९) या सूत्रावरील भाष्यात, धनलोभी मौर्यांनी अर्चा, म्हणजे येथे मूर्ती, घडवल्याचा उल्लेख येतो. सोळा ही उपचारसंख्या निश्चित कधी झाली, हे सांगणे अवघड आहे. याद्याही एकसारख्या नाहीत. काहींत विसर्जन धरले जाते, काहींत तांबूल व दक्षिणा. पाच व दहा उपचारांचे संक्षेप आणि श्रीविद्या या शाक्त तांत्रिक संप्रदायातील ६४ उपचारांचा विस्तारही प्रसिद्ध आहे. पुरुषसूक्ताच्या १६ ऋचा सोळा उपचारांना एकेक लावण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. तिच्यामुळे आतिथ्याच्या साध्या क्रमाला यज्ञाचा अर्थ मिळाला. शेवटची ऋचा ‘यज्ञेन यज्ञमयजन्त देवाः’ ही असून मंत्रपुष्पांजलीचा आरंभही तिनेच होतो.

आध्यात्मिक अर्थ : पंचोपचारांचा सर्वांत सुटसुटीत उलगडा तंत्रपरंपरेने केला आहे. गंध पृथ्वीरूप, पुष्प आकाशरूप, धूप वायुरूप, दीप तेजोरूप आणि नैवेद्य अमृत म्हणजे जलरूप. लं, हं, यं, रं, वं ही त्यांची बीजे, म्हणजे एकाक्षरी मंत्र. पाच महाभूते ज्याची त्याला परत द्यायची, असा याचा भाव. त्याआधी भूतशुद्धी (देहातील पंचभूतांची भावनेने शुद्धी) व न्यास (अवयवांवर मंत्रांची स्थापना) करून पूजकाने आपला देह देवतामय करावयाचा असतो, कारण ‘देवो भूत्वा देवं यजेत्’ हा दंडक आहे. हातात पळी-पंचपात्री घेऊन नित्यपूजा करणाऱ्याच्या ध्यानी हे नेहमी असतेच असे नाही. पण ‘अपवित्रः पवित्रो वा’ म्हणत अंगावर पाणी शिंपडण्यात त्याची खूण उरली आहे.

मूर्ती म्हणजे ब्रह्म नव्हे, मूर्तीच्या ठायी ब्रह्मदृष्टी ठेवायची, हा वेदान्ताचा निर्णय आहे. ब्रह्मसूत्रे प्रतीकाशी आत्मभाव, म्हणजे प्रतीकालाच आत्मा मानणे, नाकारतात (४.१.४) आणि लगेच पुढच्या सूत्रात श्रेष्ठाची दृष्टी कनिष्ठावर ठेवावी, असे सांगतात. शंकराचार्य यासाठी शालग्रामातील हरीचा दृष्टान्त देतात. वैष्णव आचार्यांना एवढ्याने समाधान नाही. रामानुज संप्रदायात पर (वैकुंठातील), व्यूह (वासुदेवादी चार), विभव (राम-कृष्णादी अवतार), अंतर्यामी यांच्या जोडीला ‘अर्चा’ (मूर्ती) हे भगवंताचे पाचवे रूप मानतात. मूर्ती तेथे दृष्टीचा आधार नसून प्रत्यक्ष अवतार आहे.

मग सर्वव्यापी देवाला बोलवायचे कोठून? ‘परापूजा’ या शंकराचार्यांच्या नावावरील स्तोत्रात हाच प्रश्न आहे : जो पूर्ण त्याचे आवाहन कोठे, जो सर्वांचा आधार त्याला आसन कसले? भागवताच्या एकादश स्कंधात याचे व्यवहारी उत्तर मिळते. शिळा, लाकूड, धातू, लेप, चित्र, वाळू, मन आणि रत्न अशा आठ प्रकारच्या प्रतिमा तेथे सांगितल्या असून, स्थिर प्रतिमेला आवाहन-विसर्जन नाही असेही म्हटले आहे (११.२७). ‘मनोमयी’ प्रतिमा या यादीत सहज येऊन बसते, हे विशेष. त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या स्कंधात कडक इशाराही आहे : सर्व भूतांत वसणाऱ्या मला अवमानून जो मूर्तीची पूजा करतो, त्याची ती निव्वळ विटंबना होय (३.२९.२१).

मराठीत या विचाराचे शिखर ज्ञानदेवांनी गाठले. ज्ञानेश्वरीत सर्वात्मक ईश्वराची पूजा ‘स्वकर्मकुसुमांची’ होते. अनुभवामृतात ते आणखी पुढे जातात : ‘देव देऊळ परिवारु । कीजे कोरूनि डोंगरु । तैसा भक्तीचा व्यवहारु । कां न व्हावा ॥’ देव, त्याचे मंदिर, भोवतीचे भक्त सारे एकाच डोंगरातून कोरलेले. सह्याद्रीतील लेणी पाहिलेल्या माणसालाच सुचावा असा हा दृष्टान्त आहे. अद्वैतात भक्तीला जागा उरत नाही, या आक्षेपाला इतके थोडक्यात दिलेले दुसरे उत्तर मराठीत क्वचितच सापडेल.

अन्य परंपरा : बौद्धांत आमिषपूजा (वस्तूंनी) व प्रतिपत्तिपूजा (आचरणाने) असा भेद असून दुसरी श्रेष्ठ मानली जाते. जैनांत द्रव्यपूजा व भावपूजा असे प्रकार आहेत. मुक्त तीर्थंकर काही घेत नाहीत व काही देत नाहीत. म्हणून जैन पूजेत वाहिलेला पदार्थ प्रसाद म्हणून परत घेतला जात नाही.