पोपट बोलतो, पण कुणाचं?

कुठे बॉम्बस्फोट झाला आणि संशयित पकडला गेला की चहाच्या टपरीपासून फॅमिली ग्रुपपर्यंत एकच सल्ला फिरतो: 'द्या चार दिवस ताब्यात, पोपटासारखा बोलेल.' पोपट पढवलेलंच बोलतो, हे सल्ला देणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

इब्न अल-शेख अल-लिबी नावाचा लिबियन माणूस २००१ च्या शेवटी पकडला गेला आणि पुढे अमेरिकेने त्याला चौकशीसाठी इजिप्तच्या हवाली केलं. तिथे त्याने सांगितलं, की अल-कायदाच्या लोकांना इराकमध्ये रासायनिक आणि जैविक शस्त्रांचं प्रशिक्षण मिळालं. ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी हीच माहिती संयुक्त राष्ट्रांपुढे मांडली. दीड महिन्याने इराक युद्ध सुरू झालं. २००४ साली लिबीने जबाब फिरवला. आपल्याला लहानशा पेटीत सुमारे १७ तास कोंडलं, मारलं, म्हणून त्यांना हवं होतं ते सांगितलं, असं त्याचं म्हणणं. सीआयएने ती माहिती मागे घेतली, पण तोवर बगदाद पडून वर्ष होत आलं होतं.

'एकाला छळून हजार जीव वाचत असतील तर?' या प्रश्नावर तत्त्वज्ञ कधीचे भांडताहेत. त्या प्रश्नात एक गृहीतक दडलेलं आहे: स्मृती म्हणजे तिजोरी, आणि वेदना म्हणजे तिची किल्ली. मला या किल्लीबद्दलच बोलायचं आहे.

आठवणी साठवण्यात आणि परत काढण्यात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो. ताण आला की मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात, आणि ते पकडणारे रिसेप्टर हिप्पोकॅम्पसमध्ये भरपूर आहेत. ते दोन प्रकारचे. पहिल्या प्रकाराची कॉर्टिसॉलवरची पकड दुसऱ्याच्या साधारण दसपट, म्हणून ते शांत वेळीही बरेचसे भरलेले असतात. दुसरे ढिले, ताण वाढू लागला की भरतात. पहिले भरलेले आणि दुसरे थोडेसे भरलेले, ही शिकायला उत्तम अवस्था. परीक्षेआधीची धाकधूक उपयोगी पडते ती यामुळे. पण दुसरेही काठोकाठ भरले की पेशींमधले जोड बळकट होण्याची, म्हणजे आठवण पक्की होण्याची, क्रिया मंदावते. ताण वाढेल तसा शिकण्याचा आलेख असा डोंगरासारखा चढतो आणि उतरतो.

याहून गंमतीचा भाग पुढेच आहे. १९९८ साली डी क्वेर्व्हेन, रोझेंडाल आणि मॅकगॉ यांनी उंदरांना पाण्याच्या टाकीत बुडालेला, न दिसणारा चौथरा शोधायला शिकवलं. मग चाचणीआधी पायांना विजेचा झटका दिला. झटक्यानंतर २ मिनिटांनी चाचणी घेतली तर चौथरा सापडे, ४ तासांनीही सापडे. ३० मिनिटांनी मात्र उंदीर गोंधळत. त्या सुमारास रक्तातलं ताणाचं संप्रेरक वर असतं. ४ तासांनी वाट पुन्हा आठवत होती, म्हणजे आठवण पुसली गेली नव्हती. तिच्यापर्यंत पोचणं तेवढ्यापुरतं अडलं होतं. तेव्हा किल्ली फिरवायला घ्यावी तर कुलूपच गंजतं.

उंदीर झाले, आता माणसं. चार्ल्स मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी सैन्याच्या कैद-सरावातल्या (शत्रूच्या कैदेत टिकून राहायच्या तालमीतल्या) ५०९ जणांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला. धाकदपटशा आणि अंगाला हात लावून केलेल्या चौकशीनंतर एका दिवसाने ओळखपरेड घेतली, तर तो चौकशी करणारा ३० टक्क्यांना ओळखता आला. शांत चौकशीनंतर हेच प्रमाण ६२ टक्के होतं. समोर अर्धा तासाहून जास्त बसलेला चेहरा!

कैद-सरावाचा उगमही विलक्षण आहे. कोरियन युद्धात पकडलेल्या अमेरिकी वैमानिकांनी छळाखाली 'आम्ही जंतूंचे बॉम्ब टाकले' अशा खोट्या कबुल्या दिल्या. पुन्हा असं होऊ नये म्हणून हा सराव वाढवला गेला. २००२ साली सीआयएसाठी काम करणाऱ्या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्याच सरावातल्या युक्त्या उलट्या फिरवल्या आणि खऱ्या माहितीसाठी कैद्यांवर वापरल्या.

त्यात झोप तोडणंही होतं, कधी सलग १८० तासांपर्यंत. २०१६ च्या एका प्रयोगात, संगणकावरची बंदी असलेली कळ दाबल्याची कबुली लोकांकडे मागितली. दाबली कुणीच नव्हती. रात्रभर झोपलेल्यांपैकी १८ टक्क्यांनी पहिल्याच मागणीला सही केली. एकच रात्र जागलेल्यांपैकी ५० टक्क्यांनी.

आपल्याकडे मार नको म्हणणारे नार्को टेस्टवर भाळतात. सोडियम पेंटोथॉल हे भुलीचं औषध. त्याने जीभ सैल होते, खरी होत नाही. त्यात आणि अंगात आलेल्या देवीला चोर विचारण्यात मला फारसा फरक दिसत नाही. संमतीशिवाय ही चाचणी करायला सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच मनाई केली. पोलिसांपुढची कबुली पुरावा धरायची नाही, हे तर १८७२ च्या कायद्यातच होतं. टाडा आणि मकोकाने बड्या अधिकाऱ्यापुढच्या कबुलीला त्यातून सूट दिली.

एक कबूल करतो. उंदीर काही कट लपवत नसतो, आणि सैनिकाला ही तालीम आहे हे ठाऊक असतं. खऱ्या छळाचा काटेकोर प्रयोग कुठलीही नैतिक समिती मंजूर करणार नाही, करूही नये. शिवाय उद्या छळ उपयोगी ठरला तरी तो योग्य ठरेल, असं मला वाटत नाही. पण 'नाइलाज होता' म्हणणाऱ्यांना निदान इलाज झाला का, हे विचारता येतं.

अल-कायदाशी संबंध असल्याचा संशय असलेला अबू झुबैदा मार्च २००२ मध्ये पाकिस्तानात गोळ्या लागलेल्या अवस्थेत सापडला. एफबीआयचा अरबी बोलणारा अधिकारी अली सुफान त्याच्या ओठांना बर्फ लावत, जखमांची काळजी घेत गप्पा मारत राहिला. त्यातूनच ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचा सूत्रधार खालिद शेख मोहम्मद असल्याचं कळलं. ऑगस्टमध्ये सीआयएने झुबैदाला ८३ वेळा पाण्याने गुदमरवलं. येऊ घातलेल्या हल्ल्यांची जी माहिती हवी होती ती त्यातून मिळाली नाही, असं अमेरिकी सिनेटच्या समितीने २०१४ मध्ये नोंदवलं. सीआयएला समितीचे अनेक निष्कर्ष मान्य नाहीत. ग्वांटानामोच्या अमेरिकी तुरुंगात ठेवलेल्या झुबैदावर आरोपपत्र मात्र कधीच दाखल झालं नाही.