नव्याचे नऊ, सवयीचे किती?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर जानेवारीत आणि दर पाडव्याला एक संदेश फिरतो: ‘कोणतीही गोष्ट सलग 21 दिवस करा, सवय लागलीच समजा!’ यंदा त्याच्या शेपटीला ‘न्यूरोसायन्सने सिद्ध केलेले’ हे शब्द जोडलेले होते. नुसता उपदेश असता तर सोडून दिलं असतं. मेंदूविज्ञानाच्या नावावर थाप मारली की मात्र मला गप्प बसवत नाही.

हा 21 आला एका प्लास्टिक सर्जनकडून. मॅक्सवेल माल्ट्झ हे अमेरिकन डॉक्टर. शस्त्रक्रियेने नाक बदललेल्या माणसाला आरशातला चेहरा आपला वाटू लागायला किमान 21 दिवस जातात, असं निरीक्षण त्यांनी 1960 साली लिहिलं. पुढे प्रेरणादायी भाषणं करणाऱ्यांनी त्यातला ‘किमान’ गाळला, नाक गाळलं आणि 21 तेवढे ठेवले. आपल्याकडे तर 21 दूर्वा आणि 21 मोदक आधीपासूनच घरचे. आकडा ओळखीचा निघाला, मग तो तपासतंय कोण!

खरं मोजमाप लंडनला झालं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 स्वयंसेवक घेतले. प्रत्येकाने खाणं, पिणं किंवा व्यायाम यांपैकी एक छोटी कृती निवडायची, ती रोजच्या एका ठरावीक प्रसंगाला जोडायची आणि 12 आठवडे रोज नोंदवायचं: आज केलं का, आणि ते कितपत आपोआप झालं. 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ‘आपोआपपणा’चा आलेख आधी भराभर चढतो, मग मंदावतो आणि एका पातळीवर सपाट होतो. त्या सपाटीपर्यंत पोचायला लागलेल्या दिवसांचा मध्यक, म्हणजे निम्मे त्याच्या आत आणि निम्मे त्याच्या पुढे असा आकडा, निघाला 66. सर्वांत झटपट माणूस 18 दिवसांचा, सर्वांत संथ 254 दिवसांचा. हा 254 मात्र जपून वापरावा. प्रयोगच 84 दिवसांचा होता. पुढचा भाग आलेखाची रेघ गणिताने लांबवून काढलेला आहे. शिवाय बऱ्याच जणांच्या नोंदी त्या सुबक रेघेत बसल्याच नाहीत. त्यामुळे आता ‘21 नव्हे, 66!’ असे जे नवे संदेश येऊ लागले आहेत तेही तितकेच पोकळ.

याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती कुणी फॉरवर्ड करत नाही. मध्ये एखादा दिवस चुकला तर आलेख जवळजवळ हलत नाही. म्हणजे ‘सलग’ हा शब्दही गेला. साखळी तुटली म्हणून बाविसाव्या दिवशी बूट माळ्यावर टाकणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांना कुणीतरी हे सांगायला हवं होतं.

दिवस मोजण्यात खरी अडचण अशी की सवय दिवसांना चिकटत नाही, प्रसंगाला चिकटते. अमेरिकेत 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना सिनेमागृहात पॉपकॉर्न दिले. काहींना ताजे, काहींना सात दिवसांचे शिळे. सिनेमाला गेलं की पॉपकॉर्न खाणारच अशी ज्यांची सवय होती त्यांनी शिळेही ताज्यांइतकेच संपवले. आवडले नाहीत असं म्हणत संपवले! तेच पॉपकॉर्न मीटिंगच्या खोलीत दिले, किंवा सिनेमागृहातच पण डाव्या हाताने खायला लावले, तर हात आखडला. याचा पुणेरी अवतार रोज संध्याकाळी घडतो. ऑफिसमधून निघताना ठरलेलं असतं की अप्पा बळवंत चौकातून मुलीचं पुस्तक घ्यायचं. आठवतं ते घरी पार्किंगमध्ये गाडी स्टँडवर लावल्यावर. मधली सगळी वळणं कुणी घेतली?

ज्याने घेतली त्याच्याविषयी मला मनापासून लिहायचं आहे, तेव्हा पुढचे काही परिच्छेद जरा धीर धरा.

मेंदूत खोलवर स्ट्रायटम नावाचा चेतापेशींचा पुंजका असतो. पार्किन्सन्स म्हणजे कंपवाताच्या आजारात या भागाला डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन पुरवणाऱ्या पेशी मरत जातात. 1996 मध्ये नोल्टन, मँगल्स आणि स्क्वायर या अमेरिकन संशोधकांनी एक खेळ वापरला. पडद्यावर काही पत्ते दिसतात आणि त्यांवरून ऊन पडणार की पाऊस ते सांगायचं. पत्त्यांचा आणि हवामानाचा संबंध असतो, पण पक्का नाही, टक्केवारीचा. नियम शब्दांत सांगता येत नाही, तरी खेळत राहिलं की बरोबर उत्तरं वाढत जातात. ज्यांच्या मेंदूला इजा होऊन नव्या आठवणी साठेनाशा झाल्या होत्या, त्या रुग्णांना थोड्या वेळापूर्वीच्या खेळाचे तपशीलही सांगता येत नव्हते; पण खेळ ते शिकत होते. पार्किन्सन्सच्या रुग्णांचं नेमकं उलट. त्यांना खेळाबद्दल सगळं आठवत होतं, शिकणं मात्र होत नव्हतं. आठवणं आणि अंगवळणी पडणं यांची खाती मेंदूत वेगवेगळी आहेत, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो. संकल्प आपण पहिल्या खात्यात लिहितो. तो पार पाडायचा असतो दुसऱ्याने.

या दुसऱ्या खात्यात नोंद कशी होते? स्ट्रायटममधल्या एकेका पेशीवर मेंदूच्या बाहेरच्या थरातून, म्हणजे कॉर्टेक्समधून, आलेल्या धाग्यांचे हजारो सांधे असतात. सांधा म्हणजे सिनॅप्स. दूध तापल्याचा वास, खिडकीतलं झुंजुमुंजू, पायाला लागलेली गार फरशी, असं सगळं एकाच वेळी तिथे येऊन थडकत असतं. यांतला कोणता सांधा बळकट करायचा? साधारण नियम असा: त्या सांध्यावर संदेश यायला हवा, पेशी स्वतः पेटायला हवी आणि त्यानंतर लगेच तिथे डोपामिन पोचायला हवं. ‘लगेच’ म्हणजे किती? तोक्यो विद्यापीठातल्या हारुओ कासाई यांच्या गटाने 2014 मध्ये उंदराच्या मेंदूच्या कापांवर ते मोजलं. संदेशानंतर 0.3 ते 2 सेकंदांच्या आत डोपामिन आलं तर सांध्याचा काटा, म्हणजे पेशीवरचा बारीक उंचवटा, फुगतो आणि सांधा बळकट होतो. त्याआधी किंवा नंतर आलं तर काहीच नाही.

दोन सेकंद! आणि राज्यसेवेचा निकाल वर्षाने. मॅरेथॉन डिसेंबरात, सराव जुलैच्या चिखलात. या हिशेबाने कुठलीच सवय लागायला नको.

इथे वोल्फ्राम शुल्ट्झ यांची माकडं मदतीला येतात. स्वित्झर्लंडमधल्या फ्रीबुर्ग विद्यापीठात शुल्ट्झ डोपामिन पेशींचे विद्युत-संकेत टिपत होते. माकडाच्या तोंडात फळाच्या रसाचा थेंब पडला की पेशी कडाडतात. यात नवल नाही. मग रसाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली. माकड शिकलं, आणि पेशी दिव्याला कडाडू लागल्या, रसाला गप्प! दिवा लावून रस दिलाच नाही, तर रस यायच्या नेमक्या क्षणी पेशींचा नेहमीचा मंद टिकटिकाटही थांबला. 1997 मध्ये शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यू यांनी याचं गणित मांडलं: डोपामिन म्हणजे मिळालेलं वजा अपेक्षित. वजाबाकी धन आली तर सांधे बळकट, ऋण आली तर सैल, शून्य आली तर जैसे थे. दिव्याच्या आधी आणखी एखादी खूण नियमाने येऊ लागली, तर संकेत दिव्यावरून सरकून त्या खुणेवर जातो. असा तो मागे मागे सरकत सर्वांत आधीच्या भरवशाच्या खुणेपर्यंत पोचतो. दोन सेकंदांच्या खिडक्या एकमेकींना जोडत मेंदू लांबचा पल्ला गाठतो तो असा.

माकडाच्या रसापासून पुण्यातल्या वेताळ टेकडीवर रोज फिरायला जाण्यापर्यंतची उडी मी मारतो आहे, हे मान्य. पण तिच्यातून दोन गोष्टी निघतात. खूण रोज तीच हवी, नाहीतर संकेताला मागे सरकायला जागाच नाही. कधी पहाटे, कधी रात्री जेवण झाल्यावर, कधी ‘जमेल तेव्हा’ फिरायला जाणाऱ्याचं वर्ष उलटलं तरी रोज नव्याने ठरवणं सुटत नाही. आणि सुरुवातीला काहीतरी छोटं, हवंहवंसं वाटणारं, तिथल्या तिथे मिळायला हवं. टेकडी उतरल्यावरच्या अमृततुल्यच्या कपाला लोक हसतात. मी तो कप विज्ञानसंमत मानतो.

जाता जाता ‘डोपामिन डिटॉक्स’बद्दल. दोन दिवस फोन बंद ठेवून मेंदूतलं डोपामिन ‘धुऊन’ निघतं असं सांगणारी शिबिरं आता आपल्याकडेही भरतात. फोन बंद ठेवा, चांगलंच आहे. पण डोपामिन हा साचलेला मळ नव्हे. ते खरोखर धुऊन निघालं तर काय होतं ते पार्किन्सन्सच्या रुग्णाच्या घरच्यांना विचारावं.

स्ट्रायटमची शेवटची करामत अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या ॲन ग्रेबिएल यांनी दाखवली. उंदीर इंग्रजी टी आकाराच्या बोळात धावतात, आवाजाच्या इशाऱ्यावर डावीकडे किंवा उजवीकडे वळतात आणि चॉकलेट खातात. नवखेपणी स्ट्रायटमच्या पेशी सगळा बोळभर बोलत असतात. सराव झाल्यावर त्या धावेच्या आरंभी आणि शेवटी कडाडतात, मधे शांत. सगळी धाव एका गाठोड्यात बांधली गेलेली असते. सतरा सक किती विचारलं की अनेकांना ‘सतरा एके सतरा’पासून सुरुवात करावी लागते, ते याच जातीचं. गाठोडं मधून उघडत नाही. म्हणून सवय मोडायची तर मधल्या टप्प्यावर नव्हे, आरंभाच्या खुणेवर घाव घालावा लागतो. आणि मोडलेली सवय पुसली जात नाही. ग्रेबिएल यांच्या 2012 च्या प्रयोगात कॉर्टेक्सचा एक बारीक भाग प्रकाशाने बंद करताच उंदरांची मुरलेली सवय तत्काळ थांबली. तिच्या जागी नवी सवय लागल्यावर तोच भाग पुन्हा बंद केला, तर जुनी परत हजर. चार वर्षांनी ‘फक्त एक’ म्हणून सिगारेट ओढणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

पण स्ट्रायटम तयार होईपर्यंतचे आठवडे कसे काढायचे? इच्छाशक्तीच्या बळावर, असं जुनं उत्तर. इच्छाशक्ती म्हणजे वापरलं की संपणारं इंधन, ही कल्पना 1998 पासून फार गाजली. 2016 मध्ये 23 प्रयोगशाळांनी मिळून 2,000 हून जास्त लोकांवर ती पुन्हा तपासली, आणि परिणाम शून्याच्या आसपास निघाला. 

त्यापेक्षा भरवशाचं काम जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांचं. ध्येय ‘मी व्यायाम करणार’ असं न ठेवता ‘अमुक झालं की तमुक करीन’ अशा जर-तरच्या वाक्यात बांधायचं. ब्रिटनमध्ये 2002 साली विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. आठवड्यात एकदा किमान 20 मिनिटं व्यायाम करायचा होता. नुसत्या नोंदी ठेवणाऱ्यांपैकी 38 टक्क्यांनी तो केला. हृदयविकाराची भीती घालणारी माहिती मिळालेल्यांपैकी 35 टक्क्यांनी, म्हणजे भीतीचा उपयोग नाही. माहितीबरोबर कुठे आणि कधी करणार ते लिहून काढलेल्यांपैकी 91 टक्क्यांनी. आकडे डोळे दिपवणारे आहेत, म्हणूनच थोडं पाणी घालतो: सगळं विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या सांगण्यावर, आणि आठवडा एकच. अमेरिकेतल्या एका कंपनीत कर्मचाऱ्यांना फ्लूच्या लसीसाठी फक्त तारीख आणि वेळ लिहायला सांगितली, तेव्हा शंभरातले आणखी सुमारे 4 जण लस घेऊन आले. एका ओळीच्या मानाने तेही वाईट नाही, पण 91 नव्हे.

ही वाक्यं चालतात याचं कारण, ठरवण्याचं काम त्यांनी आगाऊ उरकून खुणेच्या हवाली केलेलं असतं. कपाळामागच्या मेंदूला इजा झालेल्या, योजना आखणं जड जाणाऱ्या रुग्णांनाही अशा जर-तरचा फायदा झाल्याचं गोल्विट्झर यांच्याच गटाने दाखवलं आहे. खूण मात्र नेमकी हवी. ‘सकाळी’ ही खूण नव्हे. ‘दुधाखालचा गॅस बंद केला की बूट’ ही खूण. ‘पाऊस असेल तर जिन्याने चार मजले, तीनदा’ हेही आधीच लिहून ठेवावं, कारण जूनमध्ये पुण्यातले निम्मे संकल्प तिथेच वाहून जातात.

मुहूर्ताचं काय? सोमवार, महिन्याची पहिली तारीख, वाढदिवस अशा दिवसांनंतर जिममधली गर्दी वाढते, हे 2014 मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या नोंदींवरून दिसलं. अपवाद निघाला एकविसावा वाढदिवस. तिथे त्या वयापासून दारू प्यायला कायद्याची परवानगी मिळते. तेव्हा पाडव्याला सुरुवात करायला माझी हरकत नाही. सुरुवातीला बळ मिळतं, ते ग्रहांमुळे नव्हे, जुनं पान उलटल्यासारखं वाटतं म्हणून. पण ‘बुध वक्री आहे, पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणाऱ्यांनी बुधाला मध्ये ओढू नये. तो वर्षातून तीन-चारदा वक्री दिसतो, आणि तेही आपण फिरत्या पृथ्वीवरून पाहतो म्हणून.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधली मुलं हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक मर्यादा. सवय लागते ती खुर्चीवर बसण्याची, फोन बॅगेत टाकण्याची, काल सोडलेलं पान उघडण्याची. राज्यघटनेतलं कलम समजून घेणं स्ट्रायटम करून देत नाही. तिथे दरवेळी कॉर्टेक्सच राबवावा लागतो. आणि नांदेड-लातूरहून नुकतेच आला असाल, तर पहिले काही आठवडे फार मोलाचे. विद्यापीठ बदललेल्या विद्यार्थ्यांवरच्या 2005 च्या अभ्यासात दिसलं, की जागा आणि प्रसंग बदलले की जुन्या सवयी सुटतात, चांगल्या आणि वाईट दोन्ही. गावाकडचा पहाटेचा अभ्यास इथे आपोआप येणार नाही. त्याची खूण तिथल्या घरात राहिली. नव्या खोलीतली पहिली खूण कोणती ते सामान लावतानाच ठरवून टाका. रूममेटने सगळ्यांत आधी रील दाखवायला सुरुवात केली तर ती ठरून गेलेली असेल.