पल्सार ग्लिच

पल्सारच्या स्वतःभोवती फिरण्याच्या वेगात अचानक होणारी वाढ. पल्सार हा वेगाने फिरणारा, तीव्र चुंबकीय क्षेत्र असलेला न्यूट्रॉन तारा (स्फोट झालेल्या मोठ्या ताऱ्याचा उरलेला अतिघन गाभा). ऊर्जा बाहेर टाकत तो एरवी हळूहळू मंदावत असतो. ग्लिचमध्ये हा क्रम एकाएकी उलटतो आणि मग काही दिवस ते काही महिने वेग अंशतः पूर्वपदावर येत राहतो.

पहिली नोंद व्हेला तारकासमूहातील व्हेला पल्सारची (आवर्तकाल, म्हणजे एका फेरीचा वेळ, सुमारे ८९ मिलिसेकंद). पार्क्स (ऑस्ट्रेलिया) येथून व्ही. राधाकृष्णन व आर. एन. मँचेस्टर यांनी आणि गोल्डस्टोन (कॅलिफोर्निया) येथून रायक्ली व डाउन्स यांनी ती स्वतंत्रपणे केली. घटना १९६९ च्या फेब्रुवारीअखेरची किंवा मार्चच्या आरंभीची. दोन निरीक्षणांच्या मधल्या काळात घडल्याने नेमका दिवस सांगता येत नाही. आवर्तकाल सुमारे २०० नॅनोसेकंदांनी घटला, म्हणजे जवळजवळ १९ दिवसांचे मंदावणे एका झटक्यात भरून निघाले. बेळगाव-खानापूर पट्ट्यातून मार्चच्या सुरुवातीस रात्री साडेदहाच्या सुमारास हे स्थान दक्षिण क्षितिजावर सुमारे २९ अंश चढलेले असते. खुद्द पल्सार मात्र हौशी दुर्बिणीतूनही दिसत नाही.

कारणाविषयी मतभेद आहेत. रुडरमन यांच्या मते (१९६९) ताऱ्याचे घट्ट कवच तडकते व आकार किंचित आकसून वेग वाढतो. खेकडा तेजोमेघातील पल्सारच्या लहान ग्लिचना हे लागू पडावे. पण व्हेलात मोठे ग्लिच साधारण तीन वर्षांनी येतात, आणि तेवढा ताण साचायला शतकेही अपुरी पडावीत. म्हणून अँडरसन व इतोह यांची उपपत्ती (१९७५) अधिक ग्राह्य वाटते. येथे शब्दाची एक अडचण आहे. मराठीत खेळण्यातला आणि पाण्यातला, दोन्ही भोवरेच. सीमाभागातल्या वाचकाने कन्नडमधला भेद ध्यानात घ्यावा: तारा फिरतो तो ‘बुगुरी’सारखा, त्याच्या आतल्या अतिप्रवाही (घर्षणाविना वाहणाऱ्या) द्रवात असतात त्या ‘सुळी’. या सुळी कवचाच्या जालकात (अणुकेंद्रांच्या जाळीदार रचनेत) अडकून राहतात, त्यामुळे कवच मंदावले तरी द्रव आपला वेग राखतो. फरक फार वाढला की असंख्य सुळी एकदम सुटतात आणि द्रवाची परिवलन गती कवचाला मिळते.

१२ डिसेंबर २०१६ रोजी टास्मानियातील माउंट प्लेझंट येथे व्हेलाचा ग्लिच प्रत्यक्ष घडताना टिपला गेला. त्यावेळी एक स्पंद (दर फेरीला पोचणारा रेडिओ संकेत) चक्क गळला होता. उलट प्रकार विरळा: २०१२ मध्ये १ई २२५९+५८६ या मॅग्नेटारचा (अतितीव्र चुंबकीय क्षेत्राच्या न्यूट्रॉन ताऱ्याचा) वेग अचानक घटला. सुळींच्या उपपत्तीत तो सहजी बसत नाही.