मीटरची बीप वाजली म्हणजे वायर चांगली, असं नसतं

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको, आयर्विन पुलापाशी 45 फुटाला धोक्याची पातळी आणि पाणी त्याच्याही कितीतरी वर. माझी गाडी हलवेपर्यंत पाणी सीटच्या खालपर्यंत आलं होतं. गाडी पाण्यात चालू केली नव्हती म्हणून इंजिन वाचलं, कार्पेट काढून वाळवलं, गाडी चालू झाली, विषय संपला असं वाटलं.

दोन वर्षांनी त्रास सुरू झाला. रिव्हर्स घेताना स्टेअरिंग पूर्ण वळवलं की एबीएस, एअरबॅग, स्टेअरिंग असे सगळे दिवे एकदम लागायचे, स्पीडोमीटर मेल्यासारखा व्हायचा, स्टेअरिंग दगडासारखं जड. बंद करून परत चालू केली की सगळं ठीक! एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर पाच-सहा कोड (बिघाडाचे नंबर) आले, सगळे वेगवेगळ्या युनिटचे, आणि मला सांगितलं की मेन कंट्रोलर बदला. किंमत ऐकून गाडी तशीच घरी आणली.

आता स्कॅनर खोटं बोलत नव्हता हे आधी सांगतो. स्टेअरिंगखाली 16 पिनांचा जो पोर्ट असतो तिथे तो लागतो आणि गाडीतल्या छोट्या छोट्या कॉम्प्युटरांनी, म्हणजे युनिटांनी किंवा कंट्रोलरनी, काय तक्रार लिहून ठेवलीय ते वाचतो. हे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात कॅन नावाच्या पद्धतीने, बॉशने 1986 मध्ये आणलेली, एकमेकींभोवती पीळ दिलेल्या दोन वायरींवर. त्यातल्या एकाचं बोलणं तुटलं की बाकीचे लिहितात 'याच्याकडून काही ऐकू येत नाही'. म्हणजे कोड ही तक्रार आहे, निदान नाही. तक्रार वाचून थेट पार्ट बदलायचा म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर वाचून ऑपरेशन करण्यासारखं आहे, आणि यात लोकांचे खरंच हजारो रुपये जातात.

मग मला माधवनगर रोडकडचे एक वायरिंगवाले मिस्त्री भेटले. वय साठीच्या आसपास, हातात टॅबलेट. त्यात गाडीचा वायरिंग डायग्राम. पूर्वी हे डायग्राम जाड मॅन्युअलमध्ये काळ्या-पांढऱ्या रेघांचे असायचे, एक वायर शोधता शोधता चार पानं उलटायची. आता वायरीवर बोट ठेवलं की तेवढीच रंगात उठून दिसते, कुठल्या कपलरमधून (वायरी जोडणाऱ्या प्लगमधून) जाते, कुठल्या फ्यूजवर येते, शेवटी बॉडीला कुठे अर्थ (अर्थिंग) होते, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायला लोखंडाला कुठे जोडलीय, सगळं. माझ्या मते स्कॅनरपेक्षाही हे हत्यार मोठं आहे. मिस्त्रींनी ज्या युनिटांचे कोड आले होते ती एकेक करून उजळवली आणि म्हणाले, "बघा दादा, ही सगळी बॉडीवर अर्थ हायत. इंजिनचा कंट्रोलर तेवढा इंजिनवर. मग बॉडी आन बॅटरीच्या मधी बघायचं की."

बॅटरीच्या ट्रेखाली निगेटिव्हची केबल बॉडीला बोल्टने आवळलेली असते. मला वाटलं आता मल्टिमीटर बीपवर ठेवून तपासतील, म्हणजे दोन टोकांना दोन प्रोब लावायचे, वायर सलग असेल तर बीप वाजते. त्यांनी तसं करून दाखवलं, बीप छान वाजली. मग म्हणाले, याच्यावर जाऊ नका.

का, ते समजून घ्यायला मला मजा आली. बीपवर ठेवलेला मीटर वायरमधून साधारण एखादा मिलीअँपिअर करंट सोडतो. एवढासा करंट गंजलेल्या केबलच्या एका धड तारेतूनसुद्धा आरामात जातो. आणि स्टेअरिंगची मोटर पूर्ण वळवताना 50 अँपिअरच्या घरात घेऊ शकते. ओहमचा साधा नियम, शाळेतलाच, व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स. त्या बोल्टपाशी 0.06 ओहम जरी असले तरी 50 अँपिअरला 3 व्होल्ट तिथेच खाल्ले जातात, पण साधा मीटर 0.06 ओहम दाखवूच शकत नाही, त्याच्या स्वतःच्या प्रोबच्या वायरीच त्याहून जास्त असतात.

म्हणून लोड असताना, म्हणजे मोठा करंट वाहत असताना, मोजायचं. मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवलं, मीटर व्होल्टवर, काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल बॉडीच्या उघड्या लोखंडाला, आणि मला म्हणाले "वळवा". आधी 0.2, मग वळवत गेलो तसं 1, 2, शेवटाला 3 च्या पुढे. इथे 0.1-0.2 च्या वर काही दिसायला नको असतं. 3 व्होल्ट आणि 50 अँपिअर म्हणजे दीडशे वॅट, एका बोल्टच्या खाली! हात लावला तर बोल्ट गरम लागत होता. आणि बॉडी 3 व्होल्टने वर उचलली गेली की इंजिनचा कंट्रोलर एका पातळीवर आणि बाकी सगळे दुसऱ्या, कॅनला साधारण 2 व्होल्टपर्यंतचा असा फरक सोसायचा असतो, त्यापुढे बोलणं तुटणारच. पाच-सहा कोड तिथून आले होते.

बोल्ट काढला. लगच्या (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली हिरवट पावडर, आणि केबलचं कव्हर चार बोटं सोललं तर आतल्या तारासुद्धा काळ्या-हिरव्या, कारण पाणी बारीक तारांच्या फटीतून कव्हरच्या आत वर चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. बाहेरून काही दिसत नाही. मिस्त्रींनी नवी केबल टाकली, बॉडीचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासला, आवळून वर ग्रीस लावलं. परत मोजलं, पूर्ण वळवून 0.05.

निघताना बघितलं तर ते टॅबलेटवर त्या अर्थ पॉइंटभोवती लाल गोल काढत होते आणि शेजारी एकच शब्द टाईप केला, 'पूर'. तसे लाल गोल त्या डायग्रामवर अजून चार होते.