सर्दीचा काढा मुंबईत कसा जमत गेला

मुंबईत कोणाला सर्दी झाली की घरात जे काही उकळतं त्याला आपण सरसकट आजीचा काढा म्हणतो आणि तो हजारो वर्षं जसाच्या तसा चालत आलाय असं धरून चालतो. पण पातेल्यात काय काय पडतं ते एकेक करून बघितलं तर प्रत्येक जिन्नसाचं वय वेगळं आणि तो घरात आला ती वाटही वेगळी. सुंठ-मिरी खरंच प्राचीन, आल्याचा चहा फार तर शंभर-सव्वाशे वर्षांचा, कुंडीतलं ओव्याचं पान मूळ आफ्रिकेकडचं, आणि तुळस-दालचिनी-सुंठ-मिरीचं जे माप आता सगळ्यांना पाठ आहे ते तर २०२० चं. हे मुद्दाम लिहावंसं वाटतं कारण नुसतं "प्राचीन" म्हटलं की ज्या बायकांनी डोकं लावून, हाताशी असेल त्यातून, दहा बाय दहाच्या खोलीत हे सगळं जमवलं त्यांचं काम झाकलं जातं.

सगळ्यात जुना थर आयुर्वेदाचा. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत सर्दीला प्रतिश्याय म्हटलंय, आणि सुंठ, मिरी, पिंपळी हे त्रिकटू कफावरचं नेहमीचं औषध. यातली पिंपळी आज किती घरांत सापडेल? फार थोड्या. सुंठ आणि मिरी मात्र कुठेच गेली नाही, कारण त्यांना स्वयंपाकात दुसरं काम होतं, सुंठ सुंठवड्यात लागते, मिरी मसाल्यात. ज्या औषधाला डब्यात रोजची जागा मिळाली तेच घरात टिकलं आणि उरलेलं वैद्याकडे किंवा काष्ठौषधीच्या दुकानात राहिलं.

मुंबईपुरतं बोलायचं तर लिखित धागा सोळाव्या शतकात सापडतो. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला, आणि पुढे मुंबई बेटच त्याला भाडेपट्ट्याने मिळालं. फोर्टमध्ये टाउन हॉलच्या मागे जिथे आता नौदलाचा आयएनएस आंग्रे हा तळ आहे तिथे त्याचा वाडा होता असं मानतात. १५६३ मध्ये गोव्यात त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं, सगळं संवादाच्या रूपात, त्यात आलं, मिरी, लवंग, वेलची, दालचिनी सगळं येतं, आणि इथले वैद्य-हकीम काय करतात तेही. त्या संवादांत आंतोनिया नावाची एक दासी आहे, तिला हाक मारली की ती पाहिजे ती वनस्पती आणून देते. पुस्तक वैद्याचं आहे पण पाला कुठे मिळतो हे ठाऊक असलेली बाई तीच, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे इंग्रजांच्या काळात, १८९० च्या दशकात, विल्यम डायमॉक वगैरेंनी मुंबईच्या बाजारात विकली जाणारी औषधं देशी नावांसकट नोंदवून ठेवली, आणि मुंबईचेच डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांचं भारतीय औषधी वनस्पतींवरचं मोठं काम १९१८ मध्ये छापून आलं.

पण ग्रंथ एकीकडे आणि चाळ एकीकडे. १८५० च्या दशकात गिरण्या सुरू झाल्या आणि रत्नागिरी, सातारा, घाटावरून माणसं येत गेली. गावाला परसात अडुळसा होता, कुंपणाला निर्गुडी होती, इथे परसच नाही. मग जे सुकवून पिशवीतून आणता येतं, म्हणजे सुंठ, हळकुंड, ओवा, वेखंड, आणि जे डालड्याच्या रिकाम्या डब्यात गॅलरीत जगतं, म्हणजे तुळस आणि ओव्याचं पान, तेवढंच सोबत राहिलं. (ओव्याचं पान आणि डब्यातला ओवा ही दोन अगदी वेगळी झाडं आहेत बरं का, वास तेवढा सारखा.) वेखंड आणि सुंठ सहाणेवर उगाळून कपाळाला लेप लावायचा ही पद्धत तर अगदी परवापरवापर्यंत होती.

ओव्याची पुरचुंडी बघा, ती ज्यांनी केलीय त्यांना सांगायला नको. लोखंडी तव्यावर मूठभर ओवा कोरडाच टाकायचा, तडतडायला लागला आणि वास डोळ्यांना झोंबायला लागला की जुन्या सुती साडीच्या तुकड्यात बांधायचा, आधी स्वतःच्या मनगटाला टेकवून चटका बसत नाही ना बघायचं आणि मग पोराच्या छातीला, पाठीला शेक द्यायचा, मधूनमधून नाकाशी धरायची. तो झोंबणारा वास थायमॉलचा. पहिल्या महायुद्धाआधी आपल्याकडचा ओवा जहाजाने जर्मनीला जायचा आणि तिथे त्यातून थायमॉल काढायचे, म्हणजे चाळीतल्या तव्यावर आणि तिकडच्या कारखान्यात एकाच द्रव्यावर काम चाललं होतं. जोवर शेगडी होती तोवर निखाऱ्यावर ओवा आणि लसणाची सालं टाकून धुरीही द्यायचे, पण १९५५ मध्ये मुंबईत सिलिंडरचा गॅस आला आणि हळूहळू शेगड्याच गेल्या, निखारा नाही तर धुरी कशावर देणार? पुरचुंडी राहिली कारण तवा राहिला.

१९१८ चं साल वेगळं काढून सांगायला हवं. त्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीत ड्युटीवर असलेले सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून हॉस्पिटलात दाखल झाले आणि इन्फ्लुएन्झा शहरात पसरला. सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट भयंकर होती, ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. डॉक्टरांच्या हातातही नेमकं औषध नव्हतं, माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएन्झाचा विषाणूच सापडला १९३३ मध्ये. त्यात १८९६ च्या प्लेगमध्ये माणसं घरातून ओढून हॉस्पिटलात नेल्याची धास्ती लोकांच्या मनात ताजी होती. मला वाटतं ताप-सर्दी आधी घरीच निस्तरायची ही आपली सवय त्या वीस-बावीस वर्षांत जास्त घट्ट झाली असणार. आणि हेही सांगायला हवं की त्या साथीत घरचे काढे पुरे पडले नाहीत, देशभरात कोटीच्या वर माणसं गेली.

याच काळात घरातला वास डबीत जायला लागला. काशीनाधुनी नागेश्वरराव यांनी १८९३ मध्ये अमृतांजन मुंबईतच सुरू केलं, कंपनी मद्रासला गेली ती नंतर, आणि १९१० मध्ये जुगतराम वैद्यांनी मुंबईत झंडू काढली. विक्स आलं अमेरिकेतून, पण इथल्या डबीवर आयुर्वेदिक औषध असंच लिहिलेलं असतं आणि घटकांत पुदिन्याचा, ओव्याचा अर्क, कापूर, निलगिरी तेल. अडुळशाचं तसंच, त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं, १९६३ मध्ये बाजारात आलं, आणि आज केमिस्टकडच्या कितीतरी कफ सिरपमध्ये ते किंवा त्याच्यापासूनचं अँब्रॉक्सॉल असतं.

आल्याचा चहा हा मात्र नवा पाहुणा. इंग्रजांनी १९०३ मध्ये चहावर सेस, म्हणजे खास कर, बसवला आणि त्या पैशातून जाहिरात करून करून चहा देशात घराघरात पोचवला, त्याआधी सामान्य मराठी घरात चहाच नव्हता तर आलं किसून टाकणार कशात? मुंबईत तर त्याला गवती चहा आणि पुदिना मिळाला, पारशी घरांत हे दोन्ही घातलेला चोय रोजचाच, आणि आपल्याकडे पाऊस लागला की भाजीवालीकडची गवती चहाची जुडी आल्यासोबत पिशवीत पडतेच. कोळी आणि कोकणी घरांत विचाराल तर सर्दीवरचा खरा उपाय चिंबोरीचा झणझणीत रस्सा.

या सगळ्याने होतं काय? साधी सर्दी विषाणूमुळे होते आणि आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते, काढा तिला मारत नाही. पण बरं वाटणं खरं असतं. पुदिन्यातलं मेंथॉल नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या नसांना जागं करतं, चोंदलेलं नाक तेवढंच असतं पण श्वास मोकळा वाटतो. कार्डिफमध्ये २००८ मध्ये तीस जणांवर साधं गरम पेय देऊन बघितलं तेव्हाही तसंच, नाकातली हवा मोजली तर फरक नाही, पण घसा, शिंका, थकवा यात लगेच आराम. म्हणजे "गरम गरम घे, बरं वाटेल" यात चुकीचं काहीच नव्हतं.

मग आलं २०२०. आयुष मंत्रालयाने मार्चअखेर काढ्याचा सल्ला दिला आणि पाठोपाठ आयुष क्वाथाचं (क्वाथ म्हणजे काढाच) माप आलं: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक. व्हॉट्सअॅपवरून ते फिरलं आणि जो काढा घसा धरला तर दोन दिवस घ्यायचा तो लोक महिनोन्महिने, दिवसातून तीनदा प्यायला लागले. वाफ घेण्याचंही तेच झालं, उकळतं पातेलं उलटून लहान मुलं भाजण्याचा धोका यात कायमचा आहे. गुळवेल तर मुळात किचनमधली वस्तूच नाही, पण तीही काढ्यात शिरली, आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं, मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वनस्पती नक्की कोणती होती यावरून वाद झाला. आजीच्या हातात प्रमाण होतं ते याच ठिकाणी सुटलं असं मला कळकळीने वाटतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवणंही आता थांबायलाच हवं, त्यातून बॉट्युलिझम हा जिवाणूच्या विषाने होणारा गंभीर आजार होऊ शकतो.

आणि दालचिनी. बाजारात स्वस्तात मिळते ती जाड, कडक, एकाच थराची साल म्हणजे बहुतेक वेळा कॅशिया, तिच्यात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं आणि रोज भरपूर गेलं तर ते लिव्हरला चांगलं नाही. सिलोनची दालचिनी पातळ, अनेक थर एकात एक गुंडाळलेली, बोटाने चुरता येते, तिच्यात ते अगदी नगण्य. पुलावात एक तुकडा टाकायला कुठलीही चालते, पण महिनाभर रोज उकळून प्यायची असेल तर मसाल्याच्या दुकानात पातळ सालीची मागून, हातात घेऊन, मोडून बघून घ्यायची.