ओतीव गोळी

ओतीव गोळी : शिशाच्या मिश्रधातूचा रस साच्यात ओतून तयार केलेली बंदुकीची गोळी. वापरलेली पितळी काडतुसे घरी पुन्हा भरण्याचा छंद अमेरिकेत जुना आहे आणि त्या छंदात ही गोळी लोकप्रिय आहे. ती स्वस्त पडते, शिवाय आपल्या रायफलीच्या नळीला बेतून करता येते. हाताने बोल्ट (काडतूस आत ढकलून नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा) ओढून एकेक काडतूस भरायच्या रायफलीत ती फारसा त्रास देत नाही. खरी परीक्षा अर्धस्वयंचलित रायफलीत होते. तिथे गोळीने नेम साधला एवढ्याने भागत नाही. रिकामे काडतूस बाहेर फेकून नवे आत घेण्याची ताकदही त्याच बारातून मिळावी लागते.

शुद्ध शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, पण रायफलीसाठी ते फार मऊ. त्यात कथील मिसळले की रस साच्याच्या बारीक खाचांतही नीट उतरतो आणि अँटिमनीने गोळी कठीण होते. ब्रिनेल मापावर शुद्ध शिशाची कठिनता ५ च्या आसपास भरते, तर लायनोटाइप या छपाईच्या धातूची (शिसे ८४, अँटिमनी १२, कथील ४ टक्के) सुमारे २२. त्यामुळे मोडीत निघालेल्या छापखान्यांचे भंगार या छंदातल्या लोकांना फार मोलाचे वाटते. गोळीचा व्यास नळीच्या आतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांच्या मापापेक्षा किंचित जास्त ठेवतात. तो कमी पडला तर तप्त वायू बाजूने निसटतो, गोळीची कड वितळवतो आणि नळीत शिसे चिकटते. हे टाळायला गोळीच्या अंगावरील खाचांत मेणयुक्त वंगण भरतात आणि बुडाला तांब्याची छोटी वाटी बसवतात. हल्ली वंगणाऐवजी पावडर कोटिंगही (भुकटी भाजून चढवलेला थर) करतात.

वायूवर चालणाऱ्या रायफलीत नळीला एक बारीक छिद्र असते. गोळी त्यापुढे सरकली की थोडा वायू त्यातून वळून दट्ट्याला किंवा थेट बोल्टच्या वाहकाला मागे ढकलतो. म्हणजे गोळीचा वेग किती, यापेक्षा ती छिद्राशी पोहोचते तेव्हा दाब किती उरला आहे, हे इथे महत्त्वाचे. झटकन जळणारी दारू थोडी घातली तर ओतीव गोळी सुखरूप बाहेर पडते, पण छिद्रापर्यंत दाब उतरलेला असतो. बोल्ट अर्ध्यातच थांबतो आणि रिकामे काडतूस अडकते. फार सावकाश जळणाऱ्या दारूचा धोका याच्या उलट. १९३६ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या एम-१ गॅरंड रायफलीत छिद्र नळीच्या तोंडाजवळ आहे. तिथला दाब प्रमाणाबाहेर गेला तर बोल्ट चालवणारा दांडा वाकतो. वरची मर्यादा मिश्रधातूची (जास्त दाब त्याला सोसत नाही) आणि खालची यंत्राची (कमी दाबात ते चालत नाही), अशा अरुंद पट्टीत दारूची भरणी बसवावी लागते. अचूकतेचा विचार त्यानंतर. कारखान्यातल्या तांब्याच्या आवरणाच्या गोळीला ही पट्टी बरीच रुंद मिळते.

बाकी अडचणी बारीक, पण चिवट. ओतीव गोळी खरवडू नये म्हणून काडतुसाचे तोंड किंचित फाकवतात. ते पुन्हा नीट मिटवले नाही, तर काडतूस नळीत पूर्ण बसत नाही. हाताच्या बोल्टने ते रेटता येते, पण अर्धस्वयंचलित रायफलीत बोल्ट पुढे आणणाऱ्या स्प्रिंगला तेवढा जोर नसतो. प्रायमर (दारू पेटवणारी बुडातील छोटी टोपी) बुडाच्या पातळीच्या वर उचललेला राहिला तर बोल्ट आपटताच बार उडू शकतो. वंगणाची काजळी आणि शिशाचे कण वायूच्या छिद्रात साचतात ते वेगळेच.

ओतकाम म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना सांगावे लागत नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत बिडाचा रस १,३०० अंशांच्या वर ओतला जातो. त्यापुढे शिसे म्हणजे पोरखेळ. तरी हा छंद इथे रुजण्यासारखा नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, आणि हे कलम हौशी माणसालाही सोडत नाही.

नेमबाजी मात्र कोल्हापुरात चांगलीच रुजली. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये विश्वविजेती ठरली. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतने २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकले, तर राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्य. या रायफलीचे .२२ काडतूस पुन्हा भरता येत नाही, कारण पेट घेणारे मिश्रण त्याच्या बुडाच्या कडेतच असते. आवरण नसलेली शिशाची गोळी तिथेही आहे, पण वंगण लावून कारखान्यातून आलेली. त्यामुळे भरणीऐवजी निवड करावी लागते. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट (एका वेळी तयार झालेला माल) एकाच नळीतून कागदावर छिद्रांचे वेगवेगळे गट देतात. रायफल शिकंज्यात आवळून प्रत्येक लॉटचे बार काढायचे, कागदावरची छिद्रे मोजायची आणि जमलेला लॉट स्पर्धेसाठी राखून ठेवायचा, अशी ही पद्धत. ५० मीटरवरच्या लक्ष्यातील दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते.